उपद्रव कोणाचा, नोटीस कोणाला?

नगरपालिकांच्या कायद्यात 'उपद्रव' असा एक शब्द आहे. इंग्रजी कायद्यातील 'न्यूसन्स' या शब्दासाठी तो मराठीत रूढ झाला. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या भारतीय दंड संहितेच्या २६८ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या २७० व्या कलमात आहे. शब्द जवळपास तेच. एखाद्याने केलेल्या कृतीमुळे, अथवा कायद्याने करणे भाग असूनही न केलेल्या कृतीमुळे, सर्वसाधारण लोकांना किंवा आसपास राहणाऱ्यांना सामाईक इजा, धोका वा त्रास होत असेल तर तो सार्वजनिक उपद्रव होय. या व्याख्येतील दोन गोष्टींकडे आपल्या कार्यकर्त्यांचे लक्ष जावे असे मला वाटते. एक, 'न करणे' हाही उपद्रव आहे. दोन, ज्यांना त्रास होतो ते 'लोक' म्हणजे कोण, हे व्याख्या सांगत नाही. ते गाव ठरवते.

गटार, उकिरडा, पडकी भिंत, तुंबलेली मोरी या गोष्टींवर वैचारिक नियतकालिकात लिहावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपण जमिनीच्या प्रश्नावर लिहितो, राखीव जागांवर लिहितो, अत्याचारांवर लिहितो, साहित्यावर तर उदंड लिहितो. गटाराच्या प्रश्नावर मात्र वस्तीतल्या बायांनी नळावर भांडावे, एवढीच त्याची पायरी आपण मानली आहे. मला ही वाटणी मान्य नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली मुले माझ्या वर्गात बसतात. मागे कायद्यापुढील समानता हा विषय शिकवीत असताना इंदापूरकडचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याकडे घंटागाडी येते; पण वस्तीच्या तोंडाशी थांबते, आत येत नाही. भोंगा ऐकून आया धावत सुटतात. ही समानता का?" वर्ग हसला. मी हसलो नाही. कारण चौदाव्या कलमावरचा इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही क्रमिक पुस्तकात आढळलेला नव्हता.

नगरपालिका येण्यापूर्वी गाव स्वच्छ कोण ठेवीत होते? याचे उत्तर प्रत्येक गावाला ठाऊक होते, म्हणून त्याचा नियम लिहून ठेवण्याची गरज पडली नाही. चावडीपुढची झाडलोट, वेशीची राखण, मेलेले जनावर ओढून नेणे ही कामे महारकीत मोडत. बदल्यात इनामाचा तुकडा आणि बलुत्याचे धान्य. १८७४ च्या वतन कायद्याने या गुलामीला सरकारी कागदावर बसवले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली. त्याआधीच, १९५६ च्या धर्मांतरानंतर, गावोगावच्या लोकांनी मेलेली ढोरे ओढण्यास नकार दिला होता. तेव्हा गावाला प्रथमच कळले, की कुजणारे ढोर हा 'उपद्रव' आहे! तोवर तो उपद्रव नव्हता, कारण तो आपल्या दाराशी येतच नव्हता. वारा पश्चिमेकडून वाहतो म्हणून आपला वाडा पूर्वेला, आणि नदी ज्या दिशेने वाहते त्या दिशेला खालच्या अंगाला आपला पाणवठा. एवढे नगररचनेचे ज्ञान आपल्या पूर्वजांच्या मालकांना अवगत होते. कऱ्हेच्या काठाने पश्चिमेकडून सोनगावच्या संगमापर्यंत चालत गेले, तर आजही काही गावांत हा आराखडा डोळ्यांनी वाचता येतो.

बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांना १८६५ साली नगरपालिका मिळाली. हा काळ ध्यानात घेतला पाहिजे. इंग्लंडात पटकीच्या साथींनी हैराण होऊन १८४८ साली सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला होता. तेथून उपद्रव-निरीक्षक, गटारे, नोटिसा ही सगळी सामग्री इकडे आली. १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा हे त्याचेच अपत्य, आणि आज ज्या कायद्याखाली बारामती व इंदापूर चालतात तो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा त्या अपत्याचा वारस. नगरपालिका ही कल्पनाच मुळी आपल्या समाजरचनेला नवखी होती. जन्माने वाटून दिलेले काम आता कराच्या पैशातून, सर्वांसाठी, एका संस्थेने करावयाचे होते. जोतीराव फुले १८७६ ते १८८३ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ज्याने १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्या माणसाला नगरपालिकेचे नळ आणि दिवे कोणाच्या गल्लीत जातात हा प्रश्न क्षुद्र वाटला नसणार.

१९०१ च्या कायद्यात नगरपालिकेचे एक कर्तव्य असे लिहिले होते, आणि १९६५ च्या कायद्याच्या ४९ व्या कलमात ते आजही आहे: सार्वजनिक रस्ते, जागा, गटारे आणि लोकांच्या उपभोगास खुल्या असलेल्या, खाजगी मालकीच्या नसलेल्या सर्व जागा साफ करणे, मग त्या जागा नगरपालिकेकडे निहित असोत वा नसोत. ओळ रुक्ष आहे. तीत 'लोकांच्या उपभोगास खुल्या' हे शब्द आहेत, आणि महाडचा सगळा संग्राम याच शब्दांवर झाला. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले. पुढे काय झाले ते आपण जाणतोच. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला, आणि सवर्णांनी न्यायालयात दावा लावला की हे तळे सार्वजनिक नाहीच. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले. दरम्यान तळ्याची 'शुद्धी' झाली होती, ती शेण आणि गोमूत्राने. गुरे त्या पाण्यात उतरत होती, त्याने ते घाण होत नव्हते. मेरी डग्लस या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली एक ग्रंथ लिहून दाखवून दिले, की घाण म्हणजे केवळ जंतू नव्हेत. समाजाने आखलेल्या जागेबाहेर आढळलेली वस्तू म्हणजे घाण. हे समजण्यासाठी आपल्याला ग्रंथाची गरज नव्हती. तरी बाई म्हणतात ते खरे आहे.

आता १९६५ च्या कायद्याकडे वळू. त्याची उपद्रवाविषयीची कलमे वाचताना दोन बाजू सतत डोळ्यांपुढे ठेवाव्यात. एका बाजूला नगरपरिषदेची कर्तव्ये आहेत: झाडलोट, सांडपाण्याची वाट, सार्वजनिक संडास, दिवे, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त, उपद्रवांचे निवारण, रोगट वस्त्यांची सुधारणा. ही 'बंधनकारक' कर्तव्ये आहेत, मर्जीची नाहीत. दुसऱ्या बाजूला अधिकार आहेत, आणि ते नागरिकांवर चालतात: केरकचरा रस्त्यावर टाकू नये, सांडपाणी रस्त्यावर सोडू नये, पडके घर दुरुस्त करावे किंवा पाडावे, मोकळ्या जागेतील झुडपे व डबकी काढावीत, अतिक्रमण हटवावे. चरबी वितळविणे, हाडे उकळणे, कातडी कमावणे असे धंदे परवान्याखेरीज करू नयेत. ही शेवटची यादी वाचताना आपल्यापैकी कोणाच्या बापजाद्यांचे धंदे तीत आहेत, ते सांगावयास नको. गावानेच लादलेले काम गावाच्या नव्या कायद्यात 'उपद्रवकारक' ठरले.

व्यवहारात काय होते? अधिकारांची बाजू वापरली जाते, कर्तव्यांची बाजू भाषणात राहते. नोटीस देणे स्वस्त आहे, गटार बांधणे महाग आहे. नोटीस ज्याच्या दारावर डकवायची तो जितका गरीब, तितकी ती निर्वेध. मी चौथीत असताना आमच्या दारावर अशी एक नोटीस लागली होती. कोणत्या गावची, ते असू द्या. वडिलांनी शाळा पाहिली नव्हती; त्यांनी मला ती वाचावयास सांगितली. 'सदरहू', 'उपरोक्त', 'कसूर केल्यास' हे शब्द मी अडखळत वाचले आणि अर्थ विचारल्यावर गप्प राहिलो. वडील म्हणाले, "वाचलंस ना? मग बास." न्हाणीचे पाणी रस्त्यावर येते, असा तो गुन्हा होता. ते पाणी जावे कोठे? गटार आमच्या आळीच्या अलीकडेच संपत होते. याच कायद्याचे दुसरे पान त्या वेळी कोणी वाचून दाखवले असते, तर वडिलांनीही नगरपालिकेला एक नोटीस पाठवली असती. आज ते पान वाचून दाखविणे हा माझ्यासारख्याचा धंदा आहे, म्हणून हा लेख.

घरमालकाने आपली मालमत्ता सुस्थितीत ठेवावी, हा नियम सर्वांनाच लागू आहे. १९६५ च्या कायद्याचे १९५ वे कलम मुख्याधिकाऱ्याला असा अधिकार देते, की एखादी इमारत, भिंत वा तिचा भाग पडण्याजोगा झाला असेल तर मालकाला किंवा भोगवटादाराला ती पाडण्याची, दुरुस्त करण्याची अथवा तिला कुंपण घालण्याची नोटीस द्यावी. पावसाळ्यापूर्वी जुन्या पेठांतील वाड्यांना अशा नोटिसा लागतात. पण हे कलम फक्त आत राहणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे अशी समजूत दिसते. भिंत बाहेर पडते तेव्हा कोणावर पडते? २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची सीमाभिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसे गेली. त्याच वर्षी २ डिसेंबरला तामिळनाडूत मेट्टुपाळयमजवळ नडूर येथे एका बंगल्याची सुमारे वीस फूट उंच भिंत दलितांच्या घरांवर पडली; सतरा मेले. ती भिंत आम्हांला दृष्टीआड करण्यासाठी बांधली होती आणि तिच्याविषयी आम्ही आधीच तक्रारी केल्या होत्या, असे तेथील लोकांचे म्हणणे होते. तेव्हा वस्तीला लागून कोणाची उंच भिंत उभी असेल, तिला फुगवटा आला असेल, तिच्या पायाशी पाणी मुरत असेल, तर मुख्याधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून नोटीस काढावयास लावणे हा आपला हक्क आहे. मालकाने काम केले नाही तर नगरपरिषद ते स्वतः करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते.

आता ज्या निवाड्याची प्रत प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत असावी, त्याविषयी. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात एका प्रभागातील रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार केली: उघडी गटारे, दारूच्या कारखान्याचे घाण पाणी, आणि झोपडपट्टीतील लोक नाइलाजाने उघड्यावर बसतात म्हणून साचलेली विष्ठा. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला हे दूर करण्याचा हुकूम दिला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेली. म्हणणे एकच: पैसा नाही. १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की माणसाची प्रतिष्ठा राखण्याचे वैधानिक कर्तव्य तिजोरीतील खडखडाटाच्या सबबीवर टाळता येणार नाही. या निकालातील मला विशेष वाटणारी गोष्ट निराळी आहे. तक्रार करणारे रहिवासी झोपडपट्टीकडे बोट दाखवीत होते. न्यायालयाने त्या बोटाची दिशा बदलली. झोपडीतील माणूस उघड्यावर बसतो हा त्याचा गुन्हा नव्हे, निसर्गाची हाक कोणाला चुकत नाही. त्याच्यासाठी संडास नाहीत हा नगरपालिकेचा गुन्हा. म्हणून हुकूम झाला तो झोपड्या उठविण्याचा नव्हे, संडास बांधण्याचा.

पण न्यायालयेही समाजातच राहतात. वीस वर्षांनी, २००० साली, अल्मित्रा पटेल यांच्या दिल्लीच्या कचऱ्याविषयीच्या खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी जमिनीवर झोपडी घालणाऱ्याला पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे, असा शेरा मारला. कचऱ्याचा खटला, आणि शेरा माणसांवर! रतलाममध्ये झोपडीवासी हे 'लोक' होते. दिल्लीत ते 'उपद्रव' झाले. नदीकाठ, कालवाकाठ यांचे सुशोभीकरण आता बहुतेक गावांतून होत आहे, बारामतीत ते डोळ्यांत भरण्यासारखे आहे. बागेला माझा विरोध नाही. आपल्या मुलांनाही बाग हवी. मात्र कोणत्याही गावात काठ सुंदर करताना काठावरच्या माणसाची गणना कोणत्या रकान्यात होते, हे आधी पाहावे.

ज्या दंडाधिकाऱ्याच्या अधिकारातून रतलामचा खटला उभा राहिला, तो अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमात होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो १५२ व्या कलमात आला आहे. जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांना पोलिसांच्या अहवालावरून अथवा अन्य माहितीवरून असा हुकूम काढता येतो, की ठरावीक मुदतीत उपद्रव दूर करा, नाहीतर हजर राहून कारण दाखवा. 'अन्य माहिती' म्हणजे तुमचा-माझा अर्ज. वकीलच पाहिजे असे नाही. बारामती आणि इंदापूरकरांना ती प्रांतकचेरी बारामतीतच आहे.

एक कायदा मात्र असा आहे, की जो उपद्रवाची जात ओळखतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९. त्याचे नाव घेतले की मारहाण, बहिष्कार, शिवीगाळ एवढेच डोळ्यांपुढे येते. पण मूळ कायद्यातच, अपमान वा त्रास देण्याच्या हेतूने दलिताच्या आवारात किंवा शेजारात विष्ठा, केरकचरा, मेलेले जनावर टाकणे हा गुन्हा सांगितला होता. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, त्याचे दोन भाग झाले आणि त्यातला फरक समजून घेतला पाहिजे. दलिताच्या राहत्या जागेत अथवा तिच्या प्रवेशद्वाराशी विष्ठा, सांडपाणी, मेलेले जनावर वा तत्सम घाण टाकली तर त्या पोटकलमात हेतूचे शब्दच नाहीत. शेजारात म्हणजे वस्तीच्या आसपास टाकली, तर इजा, अपमान किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. म्हणूनच आधीच्या तक्रारीची पोच जपून ठेवणे महत्त्वाचे. तीन वेळा लेखी सांगूनही चौथ्यांदा कोणी मेलेले कुत्रे वस्तीच्या तोंडाशी आणून टाकतो, तेव्हा 'नजरचुकीने पडले' हे म्हणणे लंगडे पडते. याच दुरुस्तीने दलिताकडून मेलेली जनावरे उचलवून घेणे आणि हाताने मैला साफ करवून घेणे हेही गुन्हे ठरवले. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट पोलिसांना घालता येत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. गावाची घंटागाडी वस्तीत येत नाही म्हणून लगेच अत्याचाराची फिर्याद ठोकणे योग्य नव्हे. तेथे नगरपरिषदेचे कर्तव्य आणि १५२ वे कलम हाच रस्ता. ज्या शस्त्राचा उपयोग जेथे आहे तेथेच ते काढावे. नाहीतर ते बोथट झाल्याची हाकाटी करावयास लोक टपलेलेच आहेत.

झाडू कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न राहिलाच. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते. मग सणसर, बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी करीत इंदापूरला पोहोचते. लाखोंचा मेळा. त्या दोन-तीन दिवसांत स्वच्छतेचे सगळे नियम परीक्षेला बसतात. फिरते संडास येतात, औषध फवारतात, स्वयंसेवक हातमोजे घालून फोटो काढून घेतात. पालखी हलली की उरलेली घाण उचलण्यासाठी पहाटे जे येतात त्यांचे फोटो निघत नाहीत. त्यांची आडनावे वाचावीत. कायम नोकरीतला सफाई कामगार आता कमी; ठेकेदाराकडचा जास्त. लाड समिती आणि पागे समिती यांच्या शिफारशींवरून आपल्या राज्यात सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी देण्याची पद्धत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शासनाने त्या तरतुदी एकत्रित केल्या. या वारसाहक्काविषयी आपल्यात दुमत आहे, आणि ते असावे. एक म्हणतो, बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारा हा नवा वतन कायदा. दुसरा म्हणतो, पगार, रजा, निवृत्तिवेतन असलेली ती एकच नोकरी आमच्या घरात येते, ती तुम्ही तत्त्वासाठी काय म्हणून घालवता? माझा कौल आज तरी दुसऱ्याकडे आहे. वतनात मोबदला भिकेसारखा होता, येथे तो वेतनश्रेणीत आहे. आणि वारसाने शिक्षण घेतले असेल तर त्याला शिक्षणानुरूप पद मिळावे या मागणीवर भांडता येते. खरा घात ठेक्याने केला आहे. ठेक्यात काम तेच, जात तीच, हक्क मात्र गळाले.

हाताने मैला उचलण्यास १९९३ च्या आणि पुढे २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी टाक्यांत माणसे उतरतात आणि मरतात. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे जनावरांच्या मलमूत्राच्या टाकीत गुदमरून चौघे मेले. वायू जात विचारीत नाही. पण शहरातल्या मैल्याच्या टाकीत उतरावयाला कोणाला बोलवायचे, हे गृहसंस्थांना विचारावे लागत नाही. भुयारी गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवली. ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली. आकडा वाढला, ही गोष्ट चांगली की वाईट हेच मला ठरवता येत नाही.

पुण्यात एक निराळा मार्ग निघाला आहे. १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बाया, त्यांत बहुसंख्य दलित, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या संघटनेत एकत्र आल्या. पुढे त्यांच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कचरावेचक हे शहराला लागलेले लांछन नसून शहराचे श्रमिक आहेत, ही भूमिका घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आली. त्यांना ओळखपत्र द्यावे, व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे त्यांत म्हटले होते. त्याच नियमांनी ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली. हा नियम वरवर किरकोळ वाटतो. पण कचरा वेगळा न करणारा सुशिक्षित गृहस्थ आपला मैला दुसऱ्याने हातांनी चिवडावा याची व्यवस्था करीत असतो. प्राध्यापकांच्या वसाहती याला अपवाद नाहीत.

बारामतीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५४ हजारांच्या घरात आणि इंदापूरची २५ हजारांच्या घरात होती. पुढे बारामतीच्या हद्दीत शेजारची गावे आली. बाकी बहुतेक गावे ग्रामपंचायतींची. तेथे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा चालतो आणि स्वच्छता हे त्या कायद्यानेही पंचायतीचे काम आहे. परंतु पंचायतीचे खाते नमुना नंबर आठवर चालते. ज्याचे घर त्या नोंदवहीत आहे तो कर भरतो, आणि कर भरतो तो माणूस. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. पाच-सहा महिने ती माणसे तेथे राहतात, तेथे बाळंत होतात. ती कोणत्याच गावच्या नोंदवहीत नाहीत. त्यांच्यासाठी संडास नाही, कचऱ्याची गाडी नाही. 'उघड्यावर घाण करतात' ही तक्रार मात्र आहे. आपल्या गावातल्या दलित वस्तीतूनही ही तक्रार मी ऐकली आहे, आणि ती ऐकून मला रतलामचे रहिवासी आठवले. उपद्रवाच्या व्याख्येत 'आसपास राहणारे' असे शब्द आहेत. कायमचे राहणारे असे नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशा नावांच्या पाट्या लागाव्यात. ते बरेच झाले. पाटी लावणे एका दिवसाचे काम होते, पाटीखालची मोरी अजून उघडी असेल तर ती मोरीही याच कागदपत्रांत आणली पाहिजे. दलित वस्ती सुधारणेचा निधी नेमक्या याच कामासाठी असतो. तो कोणत्या वर्षी किती आला, कोणत्या गटारावर, कोणत्या रस्त्यावर खर्ची पडला आणि तो रस्ता खरोखर वस्तीतूनच जातो काय, हे माहितीच्या अधिकारात २००५ पासून विचारता येते. दहा रुपयांचा मुद्रांक आणि चार ओळी.

नियम हे आपले शत्रू आहेत, असा अर्थ कोणी या लेखातून काढू नये. १९२७ च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी स्वच्छ राहणीचा आग्रह धरला होता, आणि मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका म्हणून बजावले होते. ती स्वच्छता दुसऱ्याच्या सोयीसाठी नव्हती. आपल्या वस्तीतही सभागृहामागे कचऱ्याचा ढीग साठतो, जयंतीच्या मिरवणुकीनंतर रस्ता प्लास्टिकच्या पेल्यांनी भरतो. तो उचलावयास आपल्याहून खालचा कोणी शोधू नये, एवढे तरी आपण पाळू शकतो.

अर्ज कसा करावा, हे विद्यार्थी वारंवार विचारतात, म्हणून सांगतो. 'आमच्या वस्तीत फार घाण आहे' असे लिहू नये. जागा लिहावी: अमुक प्रभाग, अमुक घरापासून अमुक नाल्यापर्यंत इतके फूट गटार उघडे. केव्हापासून ते लिहावे. किती घरे, किती लहान मुले, गेल्या पावसाळ्यात कोणाच्या घरात पाणी शिरले ते लिहावे. ४९ व्या कलमाचा उल्लेख करावा. 'मेहेरबानी करून' हे शब्द गाळावेत. कर्तव्य मागताना मेहेरबानी लागत नाही. खाली बायांच्या सह्या आधी घ्याव्यात, कारण गटाराचा वास दिवसभर त्यांनाच येतो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक मुख्याधिकाऱ्याच्या आवक विभागात द्यावी. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. 'साहेब नाहीत, नंतर या' म्हणाले तरी थांबावे. शिक्का साहेबांजवळ नसतो, कारकुनाजवळ असतो.